कृत्रिम घोटा : यशाचा हिशेब कोण ठेवणार?

वैतरणेच्या मुखाशी, वसईच्या उत्तरेला, अर्नाळ्याचा किनारा आहे. समोरच्या बेटावर जलदुर्ग उभा आहे आणि बेटावर वस्तीही आहे. तेथे जायचे तर होडीशिवाय दुसरा मार्ग नाही. मासेमारीवर जगणाऱ्या या गावात माणसाच्या पायाला जे काम पडते, ते शहरातील फरसबंद रस्त्यावर चालणाऱ्याच्या पायाला सहसा पडत नाही. हलत्या होडीच्या काठावरून पाण्यात उतरायचे, पायाखालची वाळू सरकत असताना जाळ्याचे किंवा मासळीच्या टोपलीचे ओझे सांभाळायचे, ओल्या फळीवर तोल राखायचा आणि मग तासन् तास उकिडवे किंवा मांडी घालून बसून मासळी निवडायची, जाळी दुरुस्त करायची. ही सारी कामे ज्या एका लहानशा सांध्याच्या भरवशावर चालतात, तो सांधा म्हणजे घोटा. तो निकामी झाला म्हणजे केवळ पाय दुखतो असे नाही; त्या घराचे उत्पन्नच थांबते.

अशा झिजलेल्या घोट्याच्या जागी धातूचा व प्लास्टिकचा कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया आता आपल्या देशातील मोठ्या शहरांत, मुंबईतही, होऊ लागली आहे. उद्या अर्नाळ्याच्या एखाद्या खलाशाने शल्यचिकित्सकाला विचारले की, ‘डॉक्टरसाहेब, हा सांधा बसवला तर मला पुन्हा होडीवर चढता येईल काय? आणि तो किती वर्षे टिकेल?’, तर त्याला काय उत्तर मिळेल? डॉक्टर प्रामाणिक असले तर ते परदेशातील आकडे सांगतील आणि स्वतःच्या मोजक्या रुग्णांचा अनुभव सांगतील. या देशात आजवर किती घोटे बदलले गेले, त्यांपैकी किती पाच वर्षे टिकले, किती पुन्हा उघडावे लागले, याचा सार्वजनिक हिशेब त्यांच्यापाशी असणार नाही. कारण असा हिशेब ठेवण्याची सक्ती आपल्याकडे कोणावरही नाही. कृत्रिम सांध्याच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ होते. हा हिशेब कोणी ठेवायचा, या प्रश्नाची चर्चा मात्र फारशी होत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय तो आहे.

गुडघा वेगळा, घोटा वेगळा

आपल्याकडे सांधारोपण म्हटले की गुडघा डोळ्यांपुढे येतो. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या एका गुडघ्यावर ऑक्टोबर २००० मध्ये आणि दुसऱ्यावर जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांचे नाव तेव्हा घरोघरी पोहोचले. त्यानंतरच्या काळात गुडघा बदलणे ही मध्यमवर्गीय कुटुंबांत नित्याची गोष्ट झाली. गुडघ्याच्या व खुब्याच्या कृत्रिम सांध्यांनी हा विश्वास बऱ्याच अंशी सार्थही ठरवला आहे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास खुब्याच्या सांध्याला जे रूप दिले त्याच्या पायावर हे शास्त्र उभे राहिले, आणि आज चांगल्या प्रतीचे खुबे व गुडघे दहा वर्षांनंतरही शंभरांपैकी पंचाण्णवांच्या आसपास शाबूत असतात. परंतु या यशाची पुण्याई आपोआप घोट्याच्या खात्यावर जमा करणे चुकीचे होईल.

पहिला फरक दुखण्याच्या मुळाशी आहे. गुडघा बहुधा वयोमानाने झिजतो. घोटा तसा क्वचितच झिजतो. घोट्याच्या संधिवाताच्या सुमारे ७० ते ८० टक्के रुग्णांत त्याचे मूळ एखाद्या जुन्या दुखापतीत सापडते : कधी काळी मोडलेले आणि वाकडे जुळलेले हाड, फाटून सैल पडलेले स्नायुबंध, दुर्लक्षिलेली मुरगळ. साहजिकच घोट्याचा रुग्ण गुडघ्याच्या रुग्णापेक्षा तरुण असतो, कष्टाचे काम करणारा असतो आणि त्याला बसवलेला सांधा अधिक वर्षे व अधिक भाराखाली टिकावा लागतो. दुसरा फरक रचनेचा. चालताना घोट्यावर शरीराच्या वजनाच्या पाचपटीपर्यंत भार येतो. मात्र तो पेलणारा सांध्याचा पृष्ठभाग खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या पृष्ठभागाच्या जेमतेम एक तृतीयांश असतो. नडगीच्या खालचे जे हाड हा भार टाचेकडे पोचवते, त्याला रक्तपुरवठा बेताचा असतो. घोट्याच्या पुढच्या बाजूला त्वचेखाली मांसाचे अस्तर जवळजवळ नाहीच. त्यामुळे तेथे घेतलेला छेद भरून येण्यास त्रास होतो. जखम चिघळली आणि जंतुसंसर्ग आत धातूपर्यंत गेला, तर सांधा काढून टाकण्याची पाळी येते. मधुमेही, धूम्रपान करणारे आणि ज्यांच्या पायांतील रक्ताभिसरण मंद आहे असे रुग्ण यांच्या बाबतीत हा धोका अधिक असतो.

घोट्याच्या सांध्याचा इतिहासही हेच सांगतो. १९७० साली फ्रान्समध्ये लॉर्ड व मारोत यांनी पहिला कृत्रिम घोटा बसवला. त्या दशकात निरनिराळ्या घडणीचे अनेक सांधे निघाले आणि सिमेंटने घट्ट बसवलेले ते सांधे काही वर्षांतच सैल पडू लागले. निराशा एवढी झाली की, घोटा बदलू नये, तो जखडून टाकावा, असाच सल्ला अस्थिशल्यचिकित्सक देऊ लागले. पुढे डेन्मार्कमध्ये हाकोन कोफोएड यांनी आणि अमेरिकेत फ्रँक ॲल्विन यांनी नव्या घडणीचे, हाड ज्याला धरून वाढू शकेल असे सांधे पुढे आणले. आणि अपयशाने मागे पडलेली ही शस्त्रक्रिया पुन्हा प्रतिष्ठा मिळवू लागली. कोफोएड यांच्या परंपरेतील ‘स्टार’ या सांध्याला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्ये मान्यता दिली. थोडक्यात, ही विद्या टाकाऊ नाही. तथापि तिचे वय लहान आहे आणि तिने एकदा सपशेल मार खाल्लेला आहे, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

दोन मार्ग, दोन किमती

घोट्याच्या असह्य दुखण्यावर शस्त्रक्रियेचे मुख्य मार्ग दोन. एक, सांधा बदलणे. दुसरा, सांध्याची दोन्ही हाडे खिळे-पट्ट्यांनी जोडून त्यांचे एकच हाड होऊ देणे, म्हणजे सांधा जखडणे. सामान्य माणसाला दुसरा मार्ग ऐकूनच नकोसा वाटतो. हलणारा सांधा मिळत असताना न हलणारा का पत्करावा, असे त्याला वाटते. वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. ब्रिटनमधील १७ रुग्णालयांत ५० ते ८५ वर्षे वयाच्या रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गटांत विभागून एक मोठी चाचणी घेण्यात आली. २०२२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण २८२ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतल्यावर असे दिसले की, दोन्ही गटांचे चालणे व उभे राहणे लक्षणीय सुधारले आणि मुख्य निकषावर दोघांत ठामपणे सांगता येईल असा फरक उरला नाही.

गुंतागुंतीचे स्वरूप मात्र वेगवेगळे होते. ज्यांचा सांधा बदलला त्यांच्यापैकी १३.४ टक्के रुग्णांत जखम भरण्याची तक्रार उद्भवली. ज्यांचा जखडला त्यांच्यात हे प्रमाण ५.७ टक्के होते. मज्जातंतूला इजा होण्याचे प्रमाणही बदललेल्यांत अधिक होते. उलट, जखडलेल्यांपैकी १२.१ टक्के रुग्णांची हाडे क्ष-किरण चित्रात नीट जुळलेली दिसली नाहीत, जरी प्रत्यक्ष त्रास ७.१ टक्क्यांनाच झाला. रक्ताच्या गुठळ्या होण्याचे प्रमाण जखडलेल्यांत थोडे जास्त होते. दीर्घ मुदतीचा विचार केला तर जखडलेल्या घोट्याचा भार शेजारच्या सांध्यांवर पडतो आणि काही वर्षांनी ते दुखू लागतात. बदललेल्या घोट्याचे प्लास्टिक झिजते, त्याच्या कणांमुळे भोवतालचे हाड पोखरले जाते, धातूचे भाग सैल होतात किंवा हाडात रुततात. असा सांधा काढून दुसरा बसवणे किंवा अखेर जखडणे ही पहिल्या शस्त्रक्रियेहून कितीतरी अवघड गोष्ट असते, कारण तोवर हाडच कमी उरलेले असते.

यातून एवढेच सिद्ध होते की, कोणता मार्ग कोणासाठी, हे रुग्णाचे वय, काम, प्रकृती आणि अपेक्षा पाहून ठरवावे लागते. साठी ओलांडलेली, बेताचे चालणे असलेली, शेजारचे सांधेही झिजलेली व्यक्ती बदललेल्या सांध्याने सुखी होऊ शकेल. चाळिशीतल्या, ओझी वाहणाऱ्या, वाळूत आणि होडीत वावरणाऱ्या माणसाला जखडलेला घोटा कदाचित अधिक विश्वासाने साथ देईल. हा निर्णय रुग्णाने समजून-उमजून घ्यावा असे आपण म्हणतो. पण समजण्याजोगी माहितीच त्याच्यापुढे ठेवलेली नसेल तर त्याच्या संमतीला काय अर्थ राहिला?

दोन आकड्यांतील अंतर

माहिती कोठून येते यावर ती किती खरी हे अवलंबून असते. कृत्रिम घोट्यासंबंधी जगभर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये घेतला गेला, तेव्हा दहा वर्षांनंतर टिकून राहिलेल्या सांध्यांचे प्रमाण ८९ टक्के निघाले. त्याआधी दोनच वर्षे, २०११ मध्ये, स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीने आपल्या देशात १९९३ पासून बसवलेल्या ७८० घोट्यांचा हिशेब प्रसिद्ध केला होता. त्यात दहा वर्षे टिकलेल्यांचे प्रमाण ६९ टक्के होते. एका बाजूला ८९ आणि दुसऱ्या बाजूला ६९! हा वीस टक्क्यांचा फरक कोठून आला?

नोंदवहीत जुन्या घडणीचे सांधे अधिक होते, हे त्याचे एक कारण. मात्र ते एकमेव नव्हे. नियतकालिकांत निबंध लिहिणारे शल्यचिकित्सक बहुधा निष्णात असतात. त्यांच्यापैकी कित्येकांचा त्या सांध्याच्या घडणीतच हात असतो. ज्याला अपयश आले तो सहसा निबंध लिहीत नाही. ज्या रुग्णाचा पाय बिघडला तो अनेकदा दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो आणि पहिल्याच्या यादीत तो ‘बरा झालेला’ म्हणूनच राहतो. नोंदवहीला असे काही निवडता येत नाही. तिच्यात निष्णाताचे नाव असते तसे नवख्याचेही असते. सांधा कोणत्याही गावी बसवला आणि कोणत्याही गावी काढला, तरी दोन्ही नोंदी एकाच रुग्णाच्या नावापुढे येतात. स्वीडनने गुडघ्याची नोंदवही १९७५ मध्ये आणि खुब्याची १९७९ मध्ये सुरू केली. इंग्लंड व वेल्सने २००३ मध्ये सांधारोपणाची राष्ट्रीय नोंदवही उघडली आणि २०१० पासून घोट्याचाही त्यात समावेश केला. या देशांतील डॉक्टर आपल्या डॉक्टरांपेक्षा अधिक सचोटीचे आहेत असे समजण्याचे कारण नाही. त्यांनी सचोटी व्यक्तीच्या मर्जीवर सोडली नाही, एवढाच त्यांचा शहाणपणा.

अनुभव हाताशी असताना

नोंदवही नसल्याची किंमत काय असते, हे भारताला आणि विशेषतः मुंबईला शिकवण्याची गरज पडू नये. जॉन्सन अँड जॉन्सन या कंपनीच्या डीप्यू या शाखेने तयार केलेला ‘एएसआर’ नावाचा धातूवर धातू घासणारा खुब्याचा सांधा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावण्यात आला. घर्षणाने त्यातील कोबाल्ट व क्रोमियम रक्तात उतरत होते, भोवतालचे मांस कुजत होते आणि कित्येक रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागत होती. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय नोंदवहीने या सांध्याकडे २००७ मध्येच बोट दाखवले होते आणि तेथील बाजारातून तो डिसेंबर २००९ मध्ये काढून घेण्यात आला होता.

आपल्याकडे काय झाले? भारतात असे सुमारे ४,७०० सांधे बसवले गेले होते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये मुंबईत फिर्याद नोंदवली, हे त्या खात्याला भूषणावह आहे. केंद्र सरकारने तज्ज्ञ समिती नेमली ती मात्र २०१७ मध्ये, आणि तिचा अहवाल लोकांपुढे आला तो २०१८ मध्ये, म्हणजे सांधा परत बोलावल्यानंतर आठ वर्षांनी. त्या वेळी हजाराच्या आसपासच रुग्णांचा ठावठिकाणा लागलेला होता. साडेतीन हजारांहून अधिक माणसे हा सांधा शरीरात घेऊन कोठे आहेत, जिवंत आहेत की नाहीत, त्यांना धोक्याची कल्पना तरी आहे काय, हे कोणालाही सांगता येत नव्हते. भरपाई कशी मोजायची याचे सूत्र पुढे ठरले. पण ज्याचा पत्ताच नाही त्याला भरपाई कोण आणि कशी पोचवणार? बाजारातून मागे घेतलेल्या मोटारीचा मालक सापडतो, कारण तिची नोंदणी झालेली असते. माणसाच्या शरीरात बसवलेल्या यंत्राला मात्र नोंदणीची अट नाही, ही आपल्या व्यवस्थेची लाजिरवाणी विसंगती आहे.

हा प्रश्न खुब्यापुरता होता असे कोणी समजू नये. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याच ‘स्टार’ घोट्याविषयी सावधगिरीची सूचना काढली. त्यातील प्लास्टिकचा भाग अपेक्षेपेक्षा अधिक रुग्णांत आणि काहींत तर तीन-चार वर्षांतच तुटत असल्याचे आढळले होते. त्याच वर्षी एक्झॅक्टेक या दुसऱ्या कंपनीने आपल्या गुडघ्याचे व घोट्याचे प्लास्टिकचे भाग मागे घेण्यास आरंभ केला. ज्या पिशव्यांत ते साठवले जात होते त्यांतून प्राणवायू आत शिरत होता आणि प्लास्टिक वेळेआधीच ठिसूळ होण्याची भीती होती. दोन्ही प्रसंगी दोष शल्यचिकित्सकाच्या हातचा नव्हता आणि तो शस्त्रक्रियेच्या दिवशी कोणाला दिसणेही शक्य नव्हते. अशा वेळी रुग्णाला शोधून, बोलावून, क्ष-किरण चित्र काढून पाहणे हाच उपाय असतो. उद्या असा इशारा आला, तर अर्नाळ्यातील किंवा चंद्रपुरातील ज्या माणसाच्या पायात तो सांधा आहे त्याच्यापर्यंत तो पोचवण्याची कोणती यंत्रणा आपल्यापाशी आहे?

काहीच झालेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची माहिती गोळा करणारा राष्ट्रीय कार्यक्रम जुलै २०१५ मध्ये सुरू झाला. २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम जानेवारी २०१८ पासून अमलात आले. खुब्याच्या व गुडघ्याच्या शल्यचिकित्सकांच्या संघटनेने स्वतःच्या पुढाकाराने नोंदवही चालवली आहे. तरीही यांपैकी कशानेही मूळ उणीव भरून निघत नाही. दुष्परिणाम कळवणारी व्यवस्था फक्त बिघडलेले मोजते. एकूण बसवले किती, हे तिला ठाऊक नसते, आणि छेद ठाऊक नसेल तर अंशावरून प्रमाण काढता येत नाही. ऐच्छिक नोंदवहीत ज्याला दाखवण्यासारखे काही आहे तोच नोंद करण्याची शक्यता अधिक. सक्ती नाही तेथे पूर्णता नाही, आणि पूर्णता नाही तेथे विश्वासार्हता नाही.

यश कोणाच्या मापाने?

नोंदवही ठेवायची म्हटली तरी तिच्यात काय नोंदवायचे, हा दुसरा आणि तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. परदेशातील प्रश्नावल्यांत रुग्णाला विचारतात की जिना चढता येतो काय, दुकानापर्यंत चालता येते काय, खेळता येते काय. आपल्याकडील माणसाचे जगणे जमिनीलगतचे आहे. उकिडवे बसण्यासाठी घोटा पुढच्या बाजूला बराच वाकावा लागतो. कृत्रिम घोट्याची एकूण हालचाल बहुधा वीस-तीस अंशांच्या घरात राहते. त्यामुळे दुखणे थांबले, चाल सुधारली, तरी पाटावर बसून मासळी विकणाऱ्या बाईचे बसणे परत येईलच असे नाही. लंडनच्या निकषावर ती ‘यशस्वी’ गणली जाईल आणि अर्नाळ्याच्या बाजारात तिला आपली जागा सोडावी लागेल.

या बाबतीत आपल्याच देशातील एक उदाहरण मार्गदर्शक आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो कृत्रिम पाय घडवला, तो परदेशी पायाची नक्कल नव्हता. परदेशी पायाला बूट लागत असे आणि तो घालून मांडी घालता येत नसे, उकिडवे बसता येत नसे, चिखल-पाण्यात उतरता येत नसे. भारतीय शेतकऱ्याला अनवाणी चालायचे आहे आणि जमिनीवर बसायचे आहे, या साध्या निरीक्षणातून जयपूर फूट जन्माला आला आणि त्यासाठी सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शल्यशास्त्राने यशाची व्याख्या रुग्णाच्या जगण्यावरून करावी, हा धडा आपण जगाला दिला आणि स्वतः विसरलो. मुंबईत हाजीअली येथे १९५५ पासून अपंगांच्या पुनर्वसनाचे काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. बसणे, वाकणे, वाळूत चालणे, ओझे घेऊन तोल सांभाळणे यांचा समावेश असलेली मराठी प्रश्नावली तयार करणे तिच्यासारख्या संस्थेला अवघड जाऊ नये.

मोडलेले हाड आणि हुकलेली वेळ

घोट्याचा संधिवात बहुतांशी जुन्या दुखापतीतून येतो हे एकदा मान्य केले, की आणखी एक गोष्ट ओघाने येते. घोट्याचा अस्थिभंग वेळेवर आणि अचूक बसवला गेला, तर पुढची शस्त्रक्रिया अनेकांना लागणारच नाही. सांध्यातील हाडाचा एक-दोन मिलिमीटरचा फरकसुद्धा भाराची वाटणी बिघडवतो. अर्नाळ्याहून विरारचे स्टेशन आठ-दहा किलोमीटरवर आणि तेथून मुंबई साठ किलोमीटरवर. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. पण गंभीर दुखण्यासाठी या भागातील माणूस अजूनही मुंबईचीच वाट धरतो. होडीतून उतरताना घसरलेला, मोटारसायकलवरून पडलेला किंवा विरार लोकलच्या गर्दीत फलाटावर कोसळलेला माणूस आधी मुरगळले असेल म्हणून लेप लावतो, मग हाडवैद्याकडे जातो आणि सूज उतरेना तेव्हा क्ष-किरण चित्र काढतो. तोवर बरेच दिवस गेलेले असतात.

प्लास्टर चढले तरी ते पुरते दिवस राहतेच असे नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. वर्षाची कमाई उरलेल्या महिन्यांत करायची असते. ऐन हंगामात ज्याचा घोटा मोडला त्याला सहा आठवडे पाय टेकू नको असे सांगणे सोपे आहे. त्या सहा आठवड्यांत घरची चूल कशी पेटणार, हे त्या सल्ल्यात नसते. हाड जुळण्याआधी तो होडीवर चढतो आणि दहा-पंधरा वर्षांनी संधिवात घेऊन दवाखान्याची पायरी चढतो. त्याच्या पहिल्या उपचाराला आणि सहा आठवड्यांच्या मजुरीला जो खर्च आला असता, तो कृत्रिम सांध्याच्या खर्चापुढे नगण्य ठरला असता. हा विचार कृत्रिम घोट्याच्या विरोधात नाही. हिशेबाची वही उघडायची तर तिचे पहिले पान अस्थिभंगाच्या दिवशीच उघडावे लागेल, एवढेच सांगायचे आहे.

काय करता येईल?

या सूचनेवर काही आक्षेप येतील. घोट्याच्या शस्त्रक्रिया मुळात थोड्या. त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे म्हटले जाईल. खरे तर संख्या थोडी आहे म्हणूनच नोंद अधिक आवश्यक आहे. एकेका शल्यचिकित्सकाच्या वर्षाकाठच्या चार-दोन रुग्णांवरून कोणालाच काही शिकता येणार नाही. सर्वांचे एकत्र केले तरच काही शहाणपण हाती लागेल. आणि आरंभीच नोंद सुरू झाली तर पुढे मागचे रुग्ण शोधत फिरण्याची नामुष्की टळेल. दुसरा आक्षेप असा की, अशा आकड्यांमुळे अवघड रुग्ण हाती घेणाऱ्या डॉक्टरांची विनाकारण बदनामी होईल. ही भीती खोटी नाही. रुग्णाचे वय, मधुमेह, हाडाचा वाकडेपणा यांचा विचार करूनच तुलना केली पाहिजे आणि आरंभी व्यक्तीची नावे न छापता केवळ सांध्याच्या प्रकारांचे निकाल प्रसिद्ध करावेत. तिसरा आक्षेप रुग्णाच्या खाजगीपणाचा. तो कायद्याने जपता येतो. इतर देशांनी जपला आहे.

महाराष्ट्र शासनाने दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. शुश्रूषागृहांची नोंदणी राज्याच्या कायद्याखाली होते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून रुग्णालयांना राज्याच्याच तिजोरीतून पैसे मिळतात. शरीरात बसवलेल्या प्रत्येक सांध्याचा प्रकार, अनुक्रमांक, रुग्णालय आणि रुग्णाचा पत्ता राज्याच्या नोंदवहीत गेल्याशिवाय नोंदणीचे नूतनीकरण होणार नाही आणि देयक मंजूर होणार नाही, अशी अट घालणे राज्याच्या हातात आहे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या, दुसऱ्या, पाचव्या आणि दहाव्या वर्षी रुग्णाची विचारपूस व्हावी; गावोगावचे आरोग्यसेवक ती करू शकतील. रुग्णाच्या हाती त्याच्या सांध्याची माहिती देणारे मराठीतील कार्ड असावे, आणि संमतिपत्रात बदलणे व जखडणे या दोन्ही मार्गांचे फायदेतोटे सोप्या मराठीत मांडलेले असावेत. ही शस्त्रक्रिया कोठेही आणि कोणीही न करता मोजक्या केंद्रांत व्हावी, म्हणजे हात सरावतील आणि चुका कमी होतील.

किमतीचाही विचार व्हायला हवा. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने गुडघ्याच्या सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली आणि नेहमीच्या कोबाल्ट-क्रोम गुडघ्याची कमाल किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरवली. तो आदेश गुडघ्यापुरता होता. घोट्याची किंमत किती असावी हे ठरवायचे तर तो किती टिकतो हे आधी माहीत हवे. म्हणजे येथेही पुन्हा आपण नोंदवहीपाशीच येऊन थांबतो.

ज्याच्या शरीरात यंत्र बसवायचे त्याला त्या यंत्राचे खरे आयुष्य विचारण्याचा हक्क आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावरील माणूस समुद्रात जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहतो, वारा पाहतो, आणि मगच होडी लोटतो. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाची ती अलिखित नोंदवहीच आहे. शस्त्रक्रियेच्या मेजावर झोपताना मात्र त्याने कोणत्याही नोंदीशिवाय, केवळ श्रद्धेवर, आपला पाय दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, अशी अपेक्षा आपण करीत आहोत. चार हजार सातशे खुब्यांचा हिशेब आपण हरवला. घोट्यांचा हिशेब हरवण्यापूर्वी वही उघडण्याची संधी अजून आहे. ती महाराष्ट्राने दवडू नये.